काचेसारख्या बर्फावर नव्या स्कीज

शनिवार, लेक टाहो

सकाळी सपाट केलेल्या बर्फावर नव्या स्कीज मस्त वळल्या. कडा टेकवली की वळण! दुपारी उन्हाने बर्फ ओला झाला, तर त्याच रुतायला लागल्या. आणि सावलीतल्या पट्ट्यावर बर्फाची नुसती काच. तिथेच आपटले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

माझी लेक रिया घाबरली. "आई, स्टॉप! हेल्प बोलावते. ते स्लेजवर झोपवून खाली नेतील."

मी घाबरले नव्हते का? घाबरलेच होते. पण स्लेजवरून गेले असते, तर पुन्हा कधी वर आले असते का?

"नको, उतरते मी," म्हटलं. उठले, गुडघे वाकवले, वजन उताराकडच्या पायावर टाकलं. काचेवर स्कीची कडा करकरली, पण सुटली नाही.

खाली रियानेच विचारलं, "वन मोअर?"

वर नेणाऱ्या लिफ्टच्या रांगेत मी तिच्याआधी उभी होते.