अकरावा प्रश्न

६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या विद्यापीठाची पिशवी पोचली. दोनशे बारा फॉर्म, दोन पेन आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र. त्यावरच्या फोटोत मी पाकीटमार दिसते, असं तुझ्या काकांचं मत पडलं. फोन सोडून पत्र का, म्हणशील. खोली एक आणि काकांचे कान दोन. साथीतला आजार त्यांना सोडून गेला, पण जाताना अर्धा दम घेऊन गेला. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलू?

चौदा महिने झाले, ते चार मजले उतरून खाली गेलेले नाहीत. लिफ्ट साथीच्या आधी बंद पडली ती पडलीच. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आता खिडकीत बसून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना अक्कल शिकवतात. समोरच्या बंद शाळेत श्वासाचं केंद्र निघेल, ज्यांना उतरवत नाही त्यांच्या घरी येऊन तिथली बाई दम वाढवायचे व्यायाम शिकवेल, हे तू सांगितल्यापासून त्यांनी एकच धोशा लावलाय. फाटकाजवळच्या बाकावर एकदा बसायचंय. एवढंच. मीही आशेला लागले आहे गं.

वेळेवर जेवत जा. माझा लोभ आहेच, तो काही फॉर्म भरून मागावा लागत नाही.

तुझी,
मावशी


१४ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

ओळखपत्राचा फोटो मी पाहिला. काका बरोबर आहेत.

वस्तीतल्या माणसानंच वस्तीत विचारावं, हा आमच्या अभ्यासाचा कणा आहे. परका माणूस आला की लोक दार किलकिलं करून उत्तरं देतात. तुला आत बसवून चहा देतील. साथीनंतर कोण सावरलं, कोण मागे राहिलं, हे त्याशिवाय कळायचं नाही. वस्त्या सहा आणि केंद्रं दोनच, म्हणून जिथे त्रास जास्त निघेल तिथे ती आधी होतील.

एक मात्र कानात कोरून ठेव. फॉर्मवर तुझं मत नको. समोरचा हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, नको म्हणणाऱ्याच्या पानातही वाढून मोकळी होतेस. काकांचा फॉर्मसुद्धा परक्यासारखा भर. चाळीसही प्रश्न मी स्वतः लिहिलेत, तेव्हा खोड्या काढू नकोस!

काकांना नमस्कार. लोभ आहे त्याहून दोन घास जास्तच वाढावा.

तुझी,
भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

झाले एकदाचे फॉर्म. पाय दुखून आले, आणि चहा इतका झाला की आता कपाकडे बघवत नाही. पण दार एकानंही बंद केलं नाही. मी कारखान्यात शिवत होते तेव्हाच्या बायकांनी तर आपणहून बोलावलं.

काकांची तऱ्हा ऐक. केस विंचरले, बसवरचा जुना शर्ट घातला, ताठ बसले आणि मला बाई म्हणायला लागले. अकरावा प्रश्न, जिना चढताना दम लागून थांबावं लागतं का? तर नाही म्हणाले. मी डोळे वटारले. तेव्हा म्हणाले की बाई, मी जिना चढतच नाही, तर थांबेन कशाला? बोलणं खोटं नव्हतं. तुझी ताकीद आठवली आणि मी 'नाही'वर खूण केली. तिसऱ्या मजल्यावरची इस्त्रीवाली कपडे दोरीला टोपली बांधून वर ओढते, तिचंही उत्तर तेच. असे बरेच निघाले. माझा हात जरा अडखळला, पण तू शिकलेली, तुला कळत असेल.

काका शाळेच्या कुलपावर नजर ठेवून आहेत. तुझ्यावर लोभ आहे, तिखट उत्तरांसकट.

तुझी,
मावशी


९ जून

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. आकडे आले. सहा वस्त्यांत तुमची सगळ्यांत धडधाकट निघाली. केंद्र तुमच्याकडे येणार नाही.

विश्वास बसेना, म्हणून तुझं मार्चचं पत्र काढलं. तेव्हा ते वाचून मी खो खो हसले होते, शेजारच्या टेबलावर वाचूनही दाखवलं होतं. सगळं त्यात लिहिलेलं होतं, मावशी. बाकीच्या वस्त्यांत दुमजली घरं आहेत. तिथले लोक धापा टाकत का होईना चढतात, म्हणून हो म्हणाले. तुमच्याकडे ज्यांनी चढणंच सोडलं ते नाही म्हणाले, आणि माझ्या फॉर्मनं त्यांना निरोगी ठरवलं. जो जास्त खचला तो कागदावर जास्त ठणठणीत. प्रश्न माझा होता.

तुझं पत्र घेऊन प्रमुखबाईंकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या की निवडीवर सह्या झाल्यात, आणि ज्यांना केंद्रं मिळाली तेही खरोखर आजारीच आहेत, त्यांच्याकडून काढून घ्यायचं का? मी तुझं पत्र घडी घालून परत घेतलं. पुढची फेरी दोन वर्षांनी आहे.

काकांना माझ्याकडे घेऊन ये. इथे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. रागाव, पण उत्तर लिही. लोभ असू दे असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझी,
भिंगरी


२१ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

रागावले नाही असं लिहिणार होते, पण तुला आजवर खोटं लिहिलेलं नाही. रागावले आहे. तुझ्यावर, आणि त्याहून माझ्यावर. बावीस वर्षं शिलाई केली. कापड उलटं लागलं की सुई टोचायच्या आधी हाताला कळतं. याही वेळी कळलं होतं. मी हाताचं ऐकलं नाही, भाचीचं ऐकलं. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लोक जिन्यात गाठून विचारायचे, केंद्र कधी. शेवटी खरं सांगितलं. इस्त्रीवालीनं दार लावून घेतलं. ते दार तिनं माझं तोंड बघून उघडलं होतं, तुमच्या विद्यापीठाचं नव्हे. तिच्यासारखे एकतीस जण आहेत. त्यांच्या दारांवरून जाताना मान वर होत नाही.

काकांना सांगितलेलं नाही. काल शाळेसमोर कोणीतरी झाडत होतं, तर म्हणाले, बघ, तयारी सुरू झाली. मी हो म्हटलं. हल्ली शर्टाची बटणं लावतानाही त्यांना मध्ये थांबावं लागतं, पण बटणांचा प्रश्न तुझ्या चाळिसात नव्हता.

तुझ्याकडे यायचं तर आधी खाली उतरावं लागेल ना गं?

लोभ जागच्या जागी आहे. राग ओसरला की दिसेल.

मावशी


३० जून

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा शेवटचा प्रश्न मी टेबलासमोर चिकटवला आहे. पुढच्या फेरीचा अकरावा प्रश्न आता असा केलाय: शेवटचं खाली कधी उतरलात? बरोबर आहे का सांग. या वेळी मला तुझं मत हवंय.

इथल्या दवाखान्यातून माणसाला बसवून जिन्यावरून उतरवायची खुर्ची मिळते आहे. तिला यादी आहे, आपला नंबर पंधरा जुलैला लागतो. त्या दिवशी खुर्ची आणि दोन मदतनीस घेऊन येते. केंद्राचं काकांना मीच सांगेन, ते ओझं माझं आहे. आधी त्यांना बाकावर बसवू, मग गाडीत. तोवर सांभाळ.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

तुझी,
भिंगरी


८ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पुढच्या पत्राच्या मायन्यात सौ. लिहू नकोस.

काल सकाळी तुझे काका खिडकीशी चहा पीत बसले होते. कप मांडीवर नीट टेकलेला होता, सांडलासुद्धा नाही, म्हणून मला कळायला वेळ लागला. मी भाजी चिरत त्यांच्याशी बोलतच होते. तुला फोन करायला घेतला आणि ठेवला. आता खोलीत ऐकणारं कोणी नाही, तरी पत्रच लिहितेय. तुझा आवाज ऐकला असता तर नको ते बोलून गेले असते.

केंद्राचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. परवाच कुलपाकडे बोट दाखवून म्हणाले होते, आता फार दिवस नाहीत.

जिना अरुंद, म्हणून तळमजल्यावरच्या चौघांनी त्यांना आमच्या लाकडी खुर्चीत बसवून खाली नेलं. चौघं चाळिशीच्या आतले, कामावर जाणारे. तरी दर मजल्यावर खुर्ची टेकवून भिंतीला धरून उभे राहायचे. एकाला तर खोकल्याची उबळ आवरेना. घर तळाशी, जिना चढायची वेळच येत नाही, म्हणून चौघांच्याही फॉर्मवर अकराव्या प्रश्नापुढे 'नाही' आहे, माझ्या हातचं. इस्त्रीवाली दारात येऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांत तिला उजेडात पाहिलं नव्हतं. तुझे काका मात्र चार मजले एकदाही दम न लागता उतरले.

फाटकाशी गाडी उभी होती. मी म्हटलं, जरा थांबा. त्यांना बाकावर बसवायला लावलं आणि शेजारी बसले. कोणी घाई केली नाही. समोर शाळेचं कुलूप होतं, मी त्यांचं तोंड रस्त्याकडे वळवून ठेवलं.

तू विचारलेला प्रश्न बरोबर आहे. पंधराला येणार होतीस तशी ये. खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊन टाक, यादीत असतील.

लोभ आहेच, पण आज तो मागू नकोस.

मावशी