कंडक्टरची सीट

प्रिय बाबा,
जयभीम.

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. परवा वसमतला येऊन गेले. पुण्यानुमोदनाचं जेवण झालं, माणसं पांगली, आणि मला स्टँडवर सोडायला तुमच्या एसटीचे ड्रायव्हर मारोतीकाका आले. तिथं त्यांनी एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून मला चैन नाही. आज परक्या शहरात, कंपनीच्या हॉटेलात, दुपारभर एकटीच बसले आहे. बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आई गेली तेव्हा मी चौथीत होते. सुट्टी लागली की मला ठेवणार कुणापाशी? तुम्ही गाडीतच घेऊन फिरायचात. वसमत ते आखाडा बाळापूर. बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची, आणि तुमची ती कंडक्टरची सीट! तिच्यावर तुम्हाला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कुणी म्हातारी, कुणी लेकुरवाळी चढली की तुम्ही सीटवरची तिकिटांची पेटी उचलायचात. गाडीत माणूस उभं असलं तर कंडक्टरनं बसायचं नाही, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलं की ते अंगात भिनलं. न धरता उभं राहायलाही तुम्हीच शिकवलंत. पाय जरा फाकवायचे, गुडघे ढिले सोडायचे.

मी हवाईसुंदरी झाले तेव्हा डेपोत पेढे वाटून तुम्ही सांगत सुटलात, पोरगी बी कंडक्टरच झाली. मला किती राग आला होता! आता तसं म्हणणारंही कुणी नाही.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षीची ती गोष्ट. फोनवर मी अर्धीच सांगितली होती. आज पुरी सांगते. विमान खूप उंचावर होतं. मी रिकामे कप गोळा करत होते. एकदम कान गच्च झाले, कुठून तरी हवा सुटल्याचा आवाज आला, आत धुकं दाटलं आणि गारठा पडला. डोक्यावरची झाकणं उघडून पिवळे मास्क लोंबायला लागले. विमानातली हवा निघून चालली होती. कॅप्टननं विमान झपाट्यानं खाली घेतलं, कारण खाली आल्यावरच श्वास घेण्याजोगी हवा मिळते. तोवर आमचा नियम एकच. हाताला येईल तो मास्क तोंडाला लावायचा आणि मिळेल तिथं बसायचं. प्रवासी नंतर. त्या उंचीवर माणसाचं भान अर्धा-एक मिनिटच टिकतं.

माझ्या बाजूचीच सीट रिकामी होती, बाबा. मास्क समोर लोंबत होता. पण पुढच्या रांगेत एक आजी मास्क नुसता हातात धरून बसली होती. मी बसले नाही. तिचा मास्क ओढून तिच्या तोंडाला लावला. मग शेजारच्या बाईचा, मग तिच्या लेकराचा. मला त्रास तर काहीच होत नव्हता. उलट हलकं वाटत होतं, हसू येत होतं; हवा कमी पडली की आधी असंच होतं. गुडघे ढिले सोडून मी मजेत उभी होते, आणि तशीच कोसळले. मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या सीनियर बाईंनी मला ओढून घेतलं आणि शेजारचा मास्क माझ्या तोंडावर दाबला. नाहीतर?

सगळे सुखरूप उतरले. चौकशीत मला विचारलं, नियम माहीत असून उभी का होतीस? तीन महिने घरी बसवलं. त्या रागात मी तुमच्या शेजारच्या टेलरकडे फोन लावून तुम्हाला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या शिकवणीपायी मेले असते मी. ती तुमच्या एसटीतच ठेवा."

मागं शिलाई मशीन चाललेली ऐकू येत होती. मग म्हणालात, "बसायचं असतंय व्हय तिथं?" मी फोन ठेवून दिला.

पुन्हा आपण त्यावर बोललो नाही. दर खेपेला वाटायचं, आज माफी मागू. दर खेपेला माझी जायची वेळ व्हायची.

परवा काकांनी सांगितलं, रिटायर होईपर्यंतची शेवटची दोन वर्षं तुम्ही त्या सीटवर बसूनच काढलीत. तिकिटं फाडून झाली की येऊन बसायचात. समोर म्हातारी उभी असली तरी, मान खाली घालून. कंडक्टर मास्तर आता साहेब झाले, असे टोमणे लोक मारायचे. काकांनी एकदा विचारलं, काहून असं करून राहिला? तर तुम्ही म्हणालात, "म्या हितं बसलो, तर पोरगी बी तिकडं बसंल."

बाबा, मला का नाही सांगितलंत? तुमची सगळ्यात चांगली सवय मी एका फोनमध्ये मोडली, आणि तुम्ही ती माझ्या जिवासाठी मुकाट सोडलीत. आता माफी तरी कुणाकडे मागू?

म्हणून हा शब्द देते. वर विमानात मी आधी बसेन, आधी माझा मास्क लावेन. पण बाळापूरच्या गाडीत जेव्हा जेव्हा चढेन, तेव्हा उभी राहीन. माझ्यापायी तुम्ही ज्या म्हाताऱ्यांना उभं ठेवलंत, त्यांना माझी जागा देईन. न धरता उभं राहता येतं मला अजून.

तुमची,
संघमित्रा