तिसऱ्या खोलीतला वर्ग

दि. ४ मार्च, बुधवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. म्हणजे मनातल्या मनात. खराखुरा घातला तर परत उभं करायला दोन माणसं बोलवावी लागतील.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. चिरंजीवांची कामाची पाळी बदलली आहे, त्यामुळे आता ते घरात असतात तेव्हा झोपलेले असतात. सूनबाईंनी गॅलरीत इतक्या कुंड्या मांडल्या आहेत की कपडे वाळत घालायला मला तिरकं चालावं लागतं. भाऊजी जिना चढायला लागले, चहात साखर कमी म्हणून तुझ्यावर चिडायलाही लागले, असं चिरंजीवांकडून कळलं. त्या दिवशी मी देवासमोर बसले आणि काही मागितलं नाही. नुसती बसून राहिले.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवलं असणार आणि भाऊजींनी उघडलं असणार. भाऊजी, मोठ्यानं वाचा. ती शेजारच्या खोलीतून ऐकतेच आहे.

तर नवी बातमी अशी की मी शिकायला जाते. बाजारामागच्या इमारतीत प्रौढांसाठी शिक्षण केंद्र आहे. खाली वाचनालय, बाजूला तीन खोल्या, वर आणखी काही. कुणी संगणक शिकतं, कुणी शिवण, एक आजोबा तर नकाशे वाचायला शिकतात, जायचं कुठेच नसताना. मी सुतारकाम शिकते. एक स्टूल केलंय. चारही पाय आहेत, पण एका वेळी तीनच जमिनीला टेकतात. कोणते तीन, ते स्टूल ठरवतं.

आता तू म्हणशील, छापखान्यात जन्म घालवून निवृत्त झाली, आता हिला रंध्याचं काय खूळ लागलं? खूळ नाही गं. मी तिथे चुकून गेले. आणि चुकून कशी गेले हे सांगायचं तर आधी मला कुठे जायचं होतं ते सांगावं लागतं. तिथेच माझी गाडी अडते. हे पत्र मी आधी लिहून फाडलंय.

लिहितेच. मला ओठवाचनाच्या वर्गाला जायचं होतं. समोरच्याच्या ओठांच्या हालचालींवरून बोलणं कसं ओळखायचं, ते तिथे शिकवतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी असतो तो वर्ग. मला ऐकू येत नाही, ताई. डावा कान बंद आहे आणि उजव्यात आवाज येतो पण त्यातून शब्द निघत नाहीत. छापखान्यातल्या मशीनची कृपा. तिथे चाललेल्या मशीनसमोर आम्ही सगळेच ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलायचो, म्हणून माझं किती गेलंय ते माझं मलाच उशिरा कळलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

झाकायची कशी, तेही सांगते. मान हलवायची. 'हो हो' म्हणायचं, समोरचा हसला की हसायचं. आणि कधी कुणाला काही विचारायचं नाही, कारण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

तर पहिल्या दिवशी आम्ही नाव नोंदवलेले सगळे तिसऱ्या खोलीत जाऊन बसलो. तेवढ्यात कार्यालयातल्या माणसानं भोंग्यावरून जाहीर केलं, हे आम्हाला मागाहून कळलं, की ओठवाचनाचा वर्ग वरच्या मजल्यावर हलवला आहे आणि तिसरी खोली सुतारकामाला दिली आहे, लाकूड वर चढवायला नको म्हणून. भोंग्यावरून, ताई! ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी! आम्ही जागचे हललो नाही. थोड्या वेळानं एक मिस्त्री आले, टेबलावर करवत आणि रंधा मांडला आणि शिकवायला लागले. मला वाटलं, हल्ली शिकवायच्या नव्या पद्धती असतात. विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

मिस्त्रींना एवढ्या मोठ्या मिश्या की ओठ कुठे सुरू होतात तेच दिसेना. मी म्हटलं, वा, पहिल्याच दिवशी अवघड धडा दिला. आम्ही सगळे डोळे फाडून त्यांच्या तोंडाकडे बघायचो आणि माना हलवायचो. माझ्या एका बाजूला एक निवृत्त बस ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला एक पार्लरवाली, मागे आणखी काहीजण. सुतारकामाचे खरे विद्यार्थी दोघेच. ते आमची एकाग्रता पाहून घाबरून कोपऱ्यात बसले. मिस्त्रींनी म्हणे घरी जाऊन बायकोला सांगितलं, असे विद्यार्थी जन्मात मिळाले नाहीत.

आणि मुख्य म्हणजे आम्हाला एकमेकांचंही माहीत नव्हतं. पार्लरवालीला वाटायचं, बाकीच्यांना सगळं कळतंय, मीच ढ. मलाही तेच वाटायचं. ती काही विचारायची, मी 'हो हो' म्हणायचे. मी काही बोलले की ती 'हो हो'. आमची अगदी गट्टी जमली होती.

असे काही वर्ग झाले. मग एके दिवशी मिस्त्री आले, बोलले, आम्ही माना हलवल्या. ते पुन्हा बोलले, आम्ही जास्त जोरात हलवल्या. मिस्त्रींनी हत्यारं पिशवीत भरली. आम्ही बघत बसलो. त्यांनी पंखा बंद केला. आम्ही बसलो. कोपऱ्यातले दोघे उठून गेलेसुद्धा. शेवटी मिस्त्री कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'आज लाकूड आलं नाही, वर्गाला सुट्टी, घरी जा, असं मी मघापासून सांगतोय. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा.'

कुणी हललं नाही. हात वर केला की संपलं, असं वाटलं. आणि मग ड्रायव्हरसाहेबांनी हात वर केला. गाडी थांबवायला करतात तसा, सरळ. मग पार्लरवालीनं. मग मी. मग मागचे सगळे. आम्ही वळून एकमेकांचे हात बघितले आणि जे हसायला लागलो! पार्लरवाली हसता हसता रडायला लागली, मीही. मिस्त्री बिचारे खडू धरून उभे. वर्षानुवर्षं पोट आत ओढून चालावं आणि कुणीतरी म्हणावं, सोड आता, तसं झालं मला. घरी येऊन मी चिरंजीवांना आणि सूनबाईंना समोर बसवून सांगून टाकलं. सूनबाई म्हणाली, "आई, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावून उत्तर देत नाही." बघ म्हणजे.

ओठवाचनाच्या बाई तोवर वरच्या मजल्यावर रिकाम्या बाकांसमोर बसून होत्या. आम्ही सगळे एकदम दारात उभे राहिलो तेव्हा त्यांनी आधी घड्याळ बघितलं. आता आम्ही दोन्ही वर्गांना जातो. मिस्त्रींना सोडवत नाही. पार्लरवालीनं पिशवीतून कात्री काढून त्यांच्या मिश्या तिथल्या तिथे कापल्या. वरचा ओठ अगदीच बारीक निघाला.

बाई वयानं लहान आहेत, पण कडक. त्यांच्या वर्गात दोन नियम आहेत. कुणी 'काय म्हणालात?' विचारलं तर 'काही नाही, जाऊ दे' म्हणायचं नाही. आणि मान हलवली की उभं राहून मोठ्यानं सांगायचं, काय कळलं ते. पहिला नियम ऐकून मला आपले बाबा आठवले. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येत नव्हतं. जेवताना सगळे हसले की ते विचारायचे, "काय झालं?" आपण म्हणायचो, "काही नाही बाबा." मग त्यांनी विचारणंच सोडलं. घरात असून नसल्यासारखे झाले. मला त्याचीच भीती होती गं. मरणाची नव्हती तेवढी त्या 'काही नाही'ची होती.

गेल्या आठवड्यात बाईंनी जोड्या लावल्या. जोडीदाराला आवाज न काढता, नुसते ओठ हलवून एक खरी गोष्ट सांगायची. माझ्या जोडीला ड्रायव्हरसाहेब. आवाज काढायचा नाही म्हटल्यावर मला धीर आला. जे इतके दिवस तोंडातून निघत नव्हतं ते मी ओठांनी सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाईंनी लगेच बोट केलं, उठा.

ते उठले. बस चालवून चालवून आवाज खणखणीत झालेला. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "यांच्या बहिणीनं फोन केला की नवऱ्याचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टर म्हणतात आशा कमी आहे. यांना काही ऐकू आलं नाही. या म्हणाल्या, वा, छान झालं, बरं झालं बाई एकदाचं, आता निवांत व्हाल."

ताई, माझं वाक्य मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून पाहिलं. ते किती वाईट आहे ते तेव्हा कळलं.

त्या दिवशी मला इतकंच कळलं होतं की फोनवर तू आहेस. तुझा आवाज चढला, उतरला, मध्येच थांबला. मला वाटलं तुमच्या घराच्या दुरुस्तीचं काम एकदाचं संपलं असेल. नेहमीसारखी मान हलवली, फोनवर दिसत नाही म्हणून तोंडानं हलवली. मग तुझा चिरंजीवांना निरोप आला की आईला सांग, आता तिचा माझा संबंध संपला. त्यांनी तो मला वाचायला दिला, ऑपरेशनचा सगळा प्रकार मला तेव्हा समजला. त्याच घटकेला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. चिरंजीवांना म्हटलं, "रेंज नव्हती." फोन कपाटात ठेवून दिला. कान गेले म्हणण्यापेक्षा काळीज नाही म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. आणि भाऊजी दवाखान्यात असताना तू एकटी बाकावर बसून राहिलीस, माझ्यावर रागावून.

पार्लरवालीनं उठून सांगितलं की ती एकदा 'हो हो' म्हणाली आणि नवऱ्याचे काका मुक्कामाला आले, ते अजून आहेत. सगळे हसले. ड्रायव्हरसाहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बहिणीला सांगितलंत का हे?"

मी म्हटलं, "नाही."

"मग आम्हाला कशाला सांगता? आमचं काय जातंय?"

म्हणून हे पत्र. सांगून झालं बघ. हात दुखतोय, पण बरं वाटतंय, खरंच बरं वाटतंय.

कानाला यंत्र घेतलंय. त्यात भांड्यांचा आवाज आधी येतो आणि माणसांचा नंतर, पण सवय होईल म्हणतात. फोनवर मात्र मला अजूनही काही कळत नाही, म्हणून फोन करू नकोस. ये. भाऊजींना झेपत असेल तर दोघं या, नसेल तर मी येते, तू नुसतं ये म्हण.

आणि एक कर. खिडकीकडे तोंड करून माझ्यासमोर बस आणि त्या दिवशी फोनवर जे सांगितलंस ते पुन्हा सांग. पहिल्यापासून, सगळं. भाऊजी आता बरे आहेत तरी सांग, ते शेजारी बसले असले तरी सांग. मला माहीत आहे, तरी सांग. त्या दिवशी तुझ्याबरोबर रडायचं होतं ते माझं राहून गेलंय.

तुझीच धाकटी,
बहिरी