उजवीकडच्या सीटखालची जागा

बाबा,

इतक्या उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही गेल्यावर मनात पुष्कळ वेळा आलं, पण गेलेल्या माणसाला काय लिहायचं ते कळलं नाही. आणि माझं मराठी सातवीपुढे गेलं नाही, हिब्रू तर भाजीबाजारात आणि दवाखान्यात चालेल एवढंच. आता लिहिल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुमच्याखेरीज कोणाला विचारता येत नाही. गोष्ट तुमच्या ट्रकची आहे.

ट्रक अजून आहे, हे पहिल्यांदा सांगतो. किर्यात गातला आमच्या बिल्डिंगच्या मागे, निलगिरीच्या झाडाखाली उभा आहे. तुमच्यामागे मी तो पुष्कळ वर्षं चालवला, तुमच्यासारखाच बीट आणि कापूस वाहिला. मग इंजिन बसलं ते बसलंच. त्या इंजिनाचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. ट्रक नुसता उभा राहिला, टायर जमिनीला टेकले, आणि या हिवाळ्यात नगरपालिकेचा माणूस येऊन सांगून गेला की पेसाहच्या सणाआधी गाडी स्वतःच्या चाकांवर हलली नाही तर क्रेन लावून भंगारात नेऊ. मला झोप लागेना. बायको म्हणाली, "लोखंडासाठी एवढं? माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तर घोरत होता." तिचं बरोबर आहे. पण तुम्हाला माहीत आहे ते नुसतं लोखंड नाही.

मुलगी पुढे आली. तुम्ही पाहिली तेव्हा ती पाळण्यात होती. आता इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मी मराठीत विचारतो, ती हिब्रूत उत्तर देते, आमचं तसंच चालतं. तिने अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं चांगलं डिझेल इंजिन आणवलं, मंजुरीचे कागदही तिनेच केले, आणि गॅरेजवाल्याने ते तुमच्या ट्रकच्या नाकात बसवलं. बसलं, नीट बसलं. तुम्ही बघितलं असतं तर हात पुसत पुसत दोनदा फेरी मारली असती. पण बाबा, आताच्या इंजिनाला कॉम्प्युटर लागतो. इथे त्याला मखशेव म्हणतात. प्रार्थनेची, तेफिल्लाची, जाड पोथी असते तेवढा एक पत्र्याचा डबा, त्यातून वेणीसारखी वायर निघते. किती तेल सोडायचं, केव्हा सोडायचं, ते तो डबा ठरवतो. तुम्ही कान लावून ठरवत होता ते. तो नसेल तर इंजिन नुसतं वजन.

तर तो डबा ठेवायचा कुठे, यावर दोन आठवडे गेले. बॉनेटखाली ठेवता येत नाही, तिथे उष्णतेने मरेल. समोरच्या पत्र्यामागे बोट जाईल एवढी जागा नाही, आणि काचेच्या रबरातून पावसाचं पाणी तिथेच उतरतं, ते तुमच्या वेळीही उतरत होतं. खणात तुम्ही स्वतः बसवलेला हीटर. ड्रायव्हरच्या पाठीमागे डिझेलची टाकी. बाहेर नेगेवच्या वाळवंटाची धूळ, ती कशातही शिरते. मुलगी टॉर्च घेऊन केबिनमध्ये उताणी पडली होती, फक्त बूट बाहेर. तिथूनच म्हणाली, "अब्बा, मिळाली. कोरडी आहे, थंड आहे, वायरही पोचते. एवढी चांगली जागा आणि कोणी कधी वापरलीच नाही?"

मी न बघताच ओळखलं. उजवीकडच्या सीटखाली.

तिला काय सांगणार होतो? तिला तो दिवस माहीत नाही. तुम्ही लष्कराच्या लिलावातून ट्रक आणलात, आईने मलिदा केला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं. सगळे आपले लोक जमलेले, ज्याची वाट बघतो त्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नबीचं, नाव घेऊन झालं. मग तुम्ही नवा शर्ट घालून पहिली फेरी मारायला निघालात आणि सरळ उजवीकडचं दार उघडून चढलात. भायखळ्याच्या गॅरेजात सगळा जन्म लॉऱ्या दुरुस्त करण्यात गेलेला, तिथे स्टेअरिंग उजवीकडे. या देशात ते डावीकडे. तुम्ही बसलात, हात पुढे केलात, आणि हातात काहीच नाही. सगळे हसायला लागले. शेजारचा रुमानियन तर पोट धरून. तुमचे कान लाल झालेले मला अजून दिसतात. आईच एकटी हसली नाही. ती म्हणाली, "हसता काय? हन्नबीसाठी दार उघडलं त्यांनी. ती जागा त्याची." तुम्ही खाली उतरलात, पुढून वळसा घालून डावीकडे गेलात. तिथपासून ती सीट त्याची झाली. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात, तशी तुमच्या ट्रकमध्ये कायमची मांडलेली.

मला वाटलं होतं तिथे कोणी बसायचंच नाही. पण तुमचा हिशेब वेगळा. तुम्ही म्हणत होता, तो येतो तेव्हा सांगून येत नाही, कोणाच्याही रूपात येतो, मग ओळखणार कसा? म्हणून हात दाखवील त्याला बसवायचं. बेर्शेबाच्या रस्त्यावर आपण कोणाकोणाला घेतलं, बाबा. शिपाई, नर्सबाई, कोकरू मांडीवर घेतलेली बेदुइन म्हातारी. एकदा एक दारुडा, तो सीटवरच ओकला. मी मध्ये गिअरजवळच्या माझ्या जागेवरून शिव्या देत होतो आणि तुम्ही कॅनमधलं पाणी ओतून सीट धूत होता. "हाही असेल," म्हणालात, "परीक्षा बघत असेल." घरी पोचलो की आई पहिलं विचारी, "आज कोण आलं होतं?" जेवलात का, नंतर.

आणि सीटखाली काही ठेवायचं नाही. जॅक तुमच्या पायाशी खडखडत असे, पण तिथे नाही. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना ग्रीसचा डबा तिथे सरकवला होता. तुम्ही रस्त्याच्या कडेला ट्रक थांबवलात, डबा काढून माझ्या मांडीवर दिलात आणि परत गाडी काढलीत. बेर्शेबाच्या पुलाजवळ आल्यावर एवढंच म्हणालात, "खाली सामान आलं की खुर्चीची पेटी होते."

हे मी मुलीला सांगितलं. तोडकंमोडकं, अर्धं हिब्रूत. ती टायरवर बसून ऐकत होती. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "अब्बा, दुसरी जागा असती तर मी तिथे ठेवला असता. नाहीये. आता एक तर सीटखाली डबा, नाहीतर सीटसकट भंगार. आजोबांनी काय निवडलं असतं?" मी म्हटलं, "ते मला कसं माहीत?" ती म्हणाली, "तू त्यांच्याबरोबर एवढी वर्षं बसलास. मग कोणाला माहीत?"

मी बेर्शेबाला आपल्या सिनेगॉगमध्ये हझानला विचारायला गेलो. तुमच्या वेळचे हझान गेले. आता त्यांचा नातू प्रार्थना चालवतो, इथेच जन्मलेला, चांगला गातो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला आत नेलं. तिथली हन्नबीची खुर्ची दाखवली, मखमलीची. खाली प्लास्टिकची बादली. "काका, छप्पर गळतं," तो म्हणाला, "बादली ठेवली नाही तर खुर्ची कुजते. काय करू?" मी म्हटलं, ती बादली, हा कॉम्प्युटर. तो म्हणाला, "दोन्ही खुर्चीसाठीच ना?" बोलणं बरोबर होतं. पण बसमध्ये परत येताना मला वाटत राहिलं की तरुण माणूस आहे, त्याला सगळंच चालतं. घरी आल्यावर बायको वैतागून म्हणाली, "ज्याचा ट्रक त्याला विचारा."

म्हणून हे लिहायला घेतलं. पण बाबा, तुमच्यापासून काय लपवायचं. तुम्हाला विचारायच्या आधीच डबा बसला आहे. पेसाह जवळ आला होता. मुलीने खाली जाड रबर घातलं, कोनाच्या पट्ट्या लावल्या, आणि मी टॉर्च धरून उभा होतो. शेवटचा स्क्रू मीच पिळला, माझ्याच हाताने. किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. तुमच्या इंजिनासारखं नाही, फार गुपचूप चालतं. मी दोनदा बॉनेटवर हात ठेवून बघितलं. मुलगी रडली, आणि मला म्हणाली डोळ्यांत धूळ गेली. क्रेन आता येणार नाही.

काल मी एकटाच ट्रक घेऊन बेर्शेबाच्या रस्त्याला गेलो. दिवस कसे आहेत ते तुम्हाला सांगून कळणार नाही. बसगाड्यांत स्फोट होतात, रेडिओ सांगतो कोणाला गाडीत घेऊ नका, बायको दारातूनच ओरडून सांगते. शहराबाहेरच्या फाट्यावर एक माणूस उभा होता. हातात पिशवी, अंगात जाड कोट, ऊन असताना. दाढी राखलेली की नुसतीच न केलेली, कळलं नाही. त्याने हात दाखवला. माझा पाय ब्रेकवर गेला, टेकलासुद्धा, ट्रक थोडा मंदावला. तो पिशवी उचलून दोन पावलं पुढे आला. मी परत वेग घेतला. आरशात तो बराच वेळ दिसत होता. त्याने शिवी दिली नाही, हातवारे केले नाहीत. पिशवी खाली ठेवली.

घरी आलो. आई असती तर तिने विचारलं असतं. बायकोने विचारलं, "नीट चालला ना?" मी म्हटलं, नीट चालला.

म्हणजे डब्याचं विचारायला बसलो होतो आणि लिहून हे झालं. दोन महिने मी सीटच्या खाली काय ठेवायचं याचीच काळजी करत बसलो. हे पत्र टाकायचं कुठे तेही मला ठाऊक नाही, बहुतेक खणात हीटरच्या मागेच राहील. तरी तुम्हाला जमेल तसं, कोणाच्याही हाती, पण लवकर कळवा. परवा मला परत त्याच रस्त्याने जायचं आहे.