आली – जाऊ दे

सोमवार, ३ मार्च
भंगारवाला रविवारी येतो म्हणाला, स्वेटर विणायचं मशीन न्यायला. सून आडवी आली. "आई, आठवडाभर थांबा. मी मोटर बसवून चालवते." म्हटलं, चालव बाई! झटका आल्यापासून यांच्या हातात जोर नाही, तोंडात शब्द नाही. दिवसभर खुर्चीत बसून त्या मशीनकडे बघतात. ते गेलं तर बघणार कशाकडे?

मंगळवार, ४
सुनेनं काडेपेटीएवढी पट्टी आणली. तिच्यातल्या चिपला म्हणे दोन डोकी! एक डोकं मशीनच्या सुयांवरून सरकणारी गाडी ढकलणार, दुसरं लोकरीवर नजर ठेवणार. आणि दोघांवर मुकादम – रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम.
"नाव केवढं गं त्या मेल्याचं!"
"आई, तो कामं वाटून देतो. वेळच्या वेळी करून घेतो."
आमच्यावर कुठला मुकादम होता? हे गाडी ढकलायचे, मी लोकर बघायची. गाडी टोकाला पोचली की हे ओरडायचे – "आली!" लोकर नीट असली की मी – "जाऊ दे!" मग गाडी परत. दिवसभर तेच. शेजारीण म्हणायची, "तुमच्यात दुसरं काही बोलणं होतं की नाही?" कशाला हवं? यांच्या "आली"वरूनच मला कळायचं, चहा हवाय.

बुधवार, ५
मुकादम बसला पट्टीत. दिवा लुकलुकतोय. मशीन ढिम्म!

गुरुवार, ६
डॉक्टर येऊन गेले. "त्यांच्याशी बोलत राहा." आणि काय बोलू? एकटीनं बडबडायची मला सवय नाही.
गाडी एकदा टोकाला गेली. थांबली ती थांबलीच. सून नखं खातेय.

शनिवार, ८
चूक सापडली! सून कपाळावर हात मारून हसत सुटली.
"आई, प्रोग्रॅममध्ये मी तुमचेच शब्द घातले, आणि 'आली'ची ओळ 'जाऊ दे'च्या खाली लिहिली! गाडीवालं डोकं 'जाऊ दे' ऐकायला थांबलंय, लोकरवालं 'आली' ऐकायला. दोघं बसलीत वाट बघत!"
"मग तुझा मुकादम काय करतोय?"
"त्याला वाटतंय, बसलीत निवांत, बसू देत!"
आमचंही झालं होतं असं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. कशावरून बिनसलं, आता आठवतसुद्धा नाही. हे "आली" म्हणेनात, मी "जाऊ दे" म्हणेना. गाडी टोकाला, आम्ही दोघं दोन बाजूंना, तोंडं फुगवून! जेवणाची वेळ टळली. शेवटी हेच हळूच म्हणाले – "आली बरं का..."
त्या "बरं का"वर मी अख्खा संसार केला.
सुनेनं ओळ वर घेतली. संध्याकाळी गाडी पळायला लागली! भंगारवाल्याला फोन केला – येऊ नकोस.
पण किती मुकं चालतं! खडखड आहे, हाक नाही. यांचे डोळे गाडीबरोबर इकडून तिकडे.

रविवार, ९
सकाळी मशीन लावलं. गाडी टोकाला पोचली. मला राहवेना. यांचा शब्द मीच म्हटला – "आली बरं का!"
खुर्चीतून आवाज आला. जड, तुटका. "जा...ऊ दे."
माझाच शब्द चोरला यांनी!