निरोगी नळी

१७ जून
आज कटकच्या या रक्त-प्रयोगशाळेत रुजू झाले. गावी रज-सणात तीन दिवस झोपाळ्यावर झुलले, तो झोका अजून अंगातून उतरलेला नाही, पाय जमिनीवर ठरत नव्हते. आईने दिलेला पोडपिठा, म्हणजे तांदूळ-गुळाचा भाजलेला केक, पहिल्या चहालाच फस्त झाला. इथल्या सर्वांत जुन्या नलिनी अपा, सगळ्यांच्या थोरल्या ताई. म्हणाल्या, पिठा झकास आहे, आता हात कसा आहे ते बघू.

काम आवडलं. नळीत थोडं रक्त, त्यात रंग, मग अंधाऱ्या खणात ठेवायचं, कारण उजेडात रंग विटतो. नंतर तांबड्या पेशी फोडून उरलेलं यंत्राला लावायचं. पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके उमटतात. आजार असला की नको त्या जागी गर्दी दिसते. नळीच्या कडेला थेंब चिकटून राहिला तर त्याला रंग लागत नाही आणि सगळं फसतं. अपा त्यावरून भल्याभल्यांना फाडून खातात.

तुलनेसाठी रोज आमच्यापैकी एकाचं रक्त लावतात. ती निरोगी नळी. पाळ्या ठरलेल्या आहेत.

२० जून
खणात एक नळी जास्त निघाली. नाव नाही, काही नाही. अपा म्हणाल्या, नव्या नवरीला भांडी मोजता येत नाहीत वाटतं. सगळे हसले, मीही. टाकून दिली.

२४ जून
पुन्हा जास्तीची नळी. हाताला कोमट लागली. कुतूहलाने यंत्राला लावली, तर नको त्या जागी गर्दीच गर्दी. ते पाहून अपांचा चेहरा उतरला.

पान लावता लावता त्यांनीच सांगितलं. माझ्या जागी झरणा होती. तिच्या पाळीला निरोगी नळीत अशीच गर्दी आली होती. आपल्या माणसाचं रक्त म्हणजे चांगलंच, हिचा हातच चुकला असेल, म्हणून सगळ्यांनी तिची थट्टा केली. तीही हसली. अपांनी नळी फेकली आणि दुसऱ्याचं रक्त घेतलं. झरणाचा आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता, ती गेली. अपा पान तसंच हातात धरून बसल्या. मला रडू आवरेना.

२८ जून
खणाला कुलूप लावते, तरी सकाळी नळी आत असतेच. कोमट. भीती वाटते, पण त्याहून जीव तुटतो. बिचारीला कुणी दुसऱ्यांदा तपासलंच नाही —

१ जुलै
आज खण रिकामा. हायसं वाटलं. जाताना अपांनी आठवण केली, उद्या माझी पाळी.

२ जुलै
माझी नळी. कड पुसली होती, नीट पाहिली होती. तरी पडद्यावर — तीच जागा. तीच गर्दी.

सगळे हसताहेत. नव्या नवरीचा हात चुकला म्हणताहेत. अपा हसत नाहीत. पांढऱ्याफटक पडल्यात. म्हणतात, असं कसं होईल गं, रंगच बिघडला असेल, माझं रक्त घे —

पाठीशी कुणीतरी उभं आहे. मानेवर कोमट श्वास. झरणा, कळलं गं. तू रोज ती नळी कशासाठी ठेवत होतीस —

अपांनी नळी उचलली. कचऱ्याच्या टोपलीकडे — अपा, टाकू नका, ती माझी —