सागवानी मुठीचा दिवा

अमरावती,
२० नोव्हेंबर २०२३

ति. सुभद्राताईस,
श्यामचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबिजेला तुझ्याकडून बाबांच्या फियाटची जाळी आणि पितळी भोंगा आणला, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात पॉलिशचा वास भरून राहिला आहे. साधना म्हणते, की आता वरणालाही भोंग्याची चव येते. जाळीचा गंज रॉकेलमध्ये भिजवून बराचसा निघाला, मुलामा द्यायला ती बडनेऱ्याला दिली आहे. भोंग्याला नवा रबरी फुगा बसवला. काल वाजवून पाहिला तर समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन विचारू लागली, की कोणाची म्हैस सुटली.

फेब्रुवारीत आमच्या जुनी मोटार मंडळाची मिरवणूक आहे. बाबांची ती डुक्कर फियाट तुझ्या पत्र्याच्या शेडमधून काढून तीत उभी करायची माझी फार इच्छा आहे. इंजिन चालत नाही तर नाही, ट्रॉलीवर आणू. मंडळात असेही सभासद आहेत, की ज्यांच्याकडे गाडीच नाही. एकाकडे फक्त पेट्रोल पंपाची जुनी मिन्याची पाटी आहे, पण तिच्याबद्दल तो असा बोलतो, जणू रोज तिच्यावर बसून कचेरीत जातो.

एक गोष्ट मात्र मनात सलते. मी मंडळाच्या ग्रुपवर गाडीचे फोटो टाकले होते. शुभंकर नावाचा परतवाड्याचा एक नवा सभासद रविवारी मला बाजूला घेऊन बोलला. त्याला ना इंजिनाचं काही, ना मॉडेलचं. खिडकीजवळ तो सागवानी मुठीचा सर्चलाइट आहे ना, तो कुठून आला, एवढंच तो फिरून फिरून विचारत होता. मग म्हणे, तुमचे वडील मेळघाटात जात होते का? मंडळातला माणूस आणि इंजिनाबद्दल अवाक्षर नाही, हे मला खटकलं. दिवा पहिल्यापासूनच असेल, असं सांगून मी विषय तोडला.

तुझी सून प्रणाली इकडे येणार असेल तर तिच्याबरोबर तो दिवा धाड. त्याच्या कड्यालाही मुलामा देऊन घेतो. गुडघ्याला तेल लावत जा. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं भरतेस, म्हणून पत्रच बरं.

माया आहे तशीच असू दे.
तुझा,
श्याम


अकोला,
२८ नोव्हेंबर २०२३

चि. श्याम यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुझा तो शुभंकर माझ्या दारात उभा! तूच पाठवलं म्हणाला. तू पाठवलंस का? पाठवलं असतंस तर पत्रात लिहिलं असतंस, एवढं मला कळतं. पण दारात आलेल्याला हाकलता येत नाही, म्हणून चहा दिला. सुनेनं शेड उघडून दाखवली. मी मागे उभी राहून पाहत होते. गाडीला त्यानं हातसुद्धा लावला नाही, थेट दिव्याकडे गेला. मुठीवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा असा झाला, की मला तो चेहरा आवडला नाही. मग वळून विचारलं, तुमच्या वडिलांनी गाडी चालवणं कोणत्या साली सोडलं?

श्याम, बाबांनी गाडी सोडली हे त्याला कोणी सांगितलं? मी नाही. प्रणालीला तर ठाऊकच नाही.

तुला एक गोष्ट आजवर सांगितली नव्हती. तू तेव्हा पोरसवदा होतास, आजोळी गेला होतास. मी मॅट्रिकच्या वर्गात. अडुसष्टच्या हिवाळ्यात बाबा बैल पाहायला धारणीकडे गेले. सांगितल्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर बार्शीटाकळीच्या घरी आले, ते गाडी सरळ मागच्या विहिरीवर घेऊन गेले. मागच्या सीटवर रक्त होतं. बादल्या ओढून स्वतः धुतलं, गड्याला जवळ येऊ दिलं नाही. आणि खिडकीजवळ तो दिवा. धारणीला जाताना तो गाडीवर नव्हता. पहिल्यापासून होता असं तू सांगितलंस, ते खरं नाही.

मायनं विचारलं, कोणाचं रक्त आहे हे? बाबा म्हणाले, काही नाही. एवढंच. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मायनं मनाशी धरून ठेवलं, की यांच्या गाडीखाली कोणीतरी मेलं. जायच्या आधी दवाखान्यातसुद्धा मला म्हणाली, तुह्या बापानं कोणाचं तरी घर बुडवलं, सुभद्रे.

दिवा मी काढून तुरीच्या कोठीत पुरला आहे. त्या माणसाशी तू बोलू नकोस. मिरवणूक गेली खड्ड्यात.

साधनाला आणि तुला जिवाला जप म्हणून सांगते.
ताई


अमरावती,
७ डिसेंबर २०२३

ति. ताईस,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. मी त्याला पाठवलं नव्हतं. पत्ता त्यानं मंडळाच्या सभासदांच्या यादीतून नाही, तर बोलता बोलता आमच्या चिटणीसांकडून काढला. चिटणीस म्हणाले, चांगला माणूस आहे, परतवाड्यात वकिली करतो. वकिली, ताई! तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतं आहे.

गेल्या रविवारी तो मंडळात आला होता. मी भोंगा पुसायचं सोंग करून मान वर केली नाही. तो मंडळातल्या जुन्या मोतीराम मिस्त्रींना विचारत होता, की साठ-सत्तरच्या काळात मेळघाटात या मॉडेलच्या गाड्या कोणाकोणाकडे होत्या. त्यानं दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी गाडीचं नाव मिरवणुकीतून काढून घेतलं. कारण विचारलं तर बहिणीची परवानगी नाही म्हणालो. माफ कर.

साधना म्हणते, पंचावन्न वर्षांनी कोण खटला भरतो आणि कोणावर? बाबा तर गेले. मला खटल्याची भीती नाही गं. उद्या मंडळात, गावात, पोरांच्या कानांवर जाईल, की श्यामच्या बापानं, जानरावांनी माणूस मारला आणि त्याच्याच गाडीचा दिवा काढून आणला. नुसतं मारणं नाही, चोरी! बाबांचा फोटो समोर आहे आणि मला त्याच्याकडे पाहवत नाही.

माझं ऐक. दिवा फोडून भंगारात दे. तो नसला म्हणजे त्याच्या हाती काही राहत नाही. आणि आणखी काही ठाऊक असून तू लपवत असशील, तर ते आता सांगून टाक.

रागावू नकोस, पण उत्तर लवकर दे.
श्याम


अकोला,
१६ डिसेंबर २०२३

चि. श्याम यास आशीर्वाद.

मी लपवत नाही. जे होतं ते लिहिलं. माझ्यावरच संशय घ्यायला लागलास, यावरून ही कीड किती खोल गेली ते पाहा.

दिवा फोडायला काढला होता. कोठीतून काढून, पदराखाली धरून मागच्या अंगणात नेला. हातोडी उचलली आणि मनात आलं, की मायनं हा संशय जन्मभर उशाशी घेऊन काढला, बाबांना कधी पुन्हा विचारलं नाही. मी आता आणखी महिनाही नाही काढू शकत, वर्षं कुठली! प्रणालीकडून त्या माणसाला फोन लावला. म्हटलं, दिवा माझ्याकडे आहे, काय ते तोंडावर येऊन बोला. तो २४ तारखेच्या रविवारी येतो आहे, सोबत आईला घेऊन.

यायचं तर ये. नाही आलास तरी मी बोलणार आहे.
ताई


अमरावती,
२० डिसेंबर २०२३

ति. ताईस नमस्कार.

माझ्यानं येणं होणार नाही. तब्येतीचं कारण देऊ शकलो असतो, पण खरं सांगतो, मला ते ऐकवणार नाही. जे निघेल ते तू लिही. सगळं लिही.
श्याम


अकोला,
२५ डिसेंबर २०२३

चि. श्याम यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. आधी बस, मग वाच.

त्या बाईंचं नाव शकुन. ठेंगणी, केस पांढरे, बसल्या जागी चुळबुळ नाही. शुभंकर माझ्याशी सरकारी वकिलासारखा बोलायला लागला, तर त्यांनी हातानंच त्याला थांबवलं आणि बाबांचा फोटो पाहायला मागितला. भिंतीवरचा काढून दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, हेच ते.

पण त्यांचं पुढचं ऐक.

त्या तेव्हा आठ वर्षांच्या. वडील हरिहर वकील त्यांना घेऊन धारणीहून परत येत होते. सेमाडोहच्या अलीकडे सांबर आडवं आलं आणि गाडी दरीकडे कलंडली. तेव्हा रस्त्यावर दुसरं कोणीच नव्हतं, असं त्या ठासून सांगतात. वडील स्टिअरिंगमध्ये अडकलेले. अंधारून आलं, तेव्हा कुठे एक डुक्कर फियाट आली, तीही बैलगाडीच्या चालीनं, कारण तिचे दिवे गेले होते. तो माणूस उतरला. वडिलांना ओढून आपल्या मागच्या सीटवर निजवलं. उलटलेल्या गाडीचा सर्चलाइट सोडवला, वायरी आपल्या बॅटरीला जोडल्या आणि दिवा या पोरीच्या हातात दिला. उजेड रस्त्यावर धर, मांगं पाहू नको, असं सांगितलं. त्या एवढ्याशा पोरीनं खिडकीबाहेर हात काढून सगळा घाट उतरेपर्यंत उजेड धरला, श्याम.

परतवाड्याला डॉक्टरकडे पोचले तेव्हा वडील गेलेले होते. लोक जमले. गाडी कोणाची, ठोकलं कोणी, पोलिसांना बोलवा, असा गलका झाला. पोरीला कोणा बाईनं कडेवर घेतलं आणि तिनं वळून पाहिलं तर फियाट नव्हती. त्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं, की त्यानंच ठोकलं, नाहीतर पळाला काहून? शकुनबाई नाही नाही म्हणत राहिल्या. आठ वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतो? पोटच्या पोरानंही ऐकलं नाही. आईच्या तोंडून ऐकलेली, त्याच्या आजोबांनी दिव्याला बसवलेली सागवानी मूठ तुझ्या फोटोत ओळखली आणि तो खुनी शोधायला निघाला. काल माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता; बाबांनी गाडी सोडल्याचं त्यानं ती वर्षानुवर्षं उभी पाहून नुसतं ताडलं होतं. मी त्याला कोणत्या तोंडानं बोलणार? मी तरी काय वेगळं केलं होतं?

म्हणजे बघ, तिकडच्या घरात बाबा गुन्हेगार आणि इकडच्या घरातही बाबाच.

मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. मी त्यांना म्हणाले, एवढं करून आलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोला एक वाक्य सांगू नये? माय बिचारी तसंच मनात घेऊन गेली. शकुनबाई म्हणाल्या, त्यांच्या गाडीत माणूस गेला ताई, आपण वाचवू शकलो नाही, हेच त्यांना लागलं असेल. असेल. मला ते पुरतं पटलेलं नाही, पण त्या माणसाबरोबर त्या संध्याकाळी त्या होत्या, मी नव्हते.

मी दिवा पुढे केला. त्यांनी घेतला नाही. गाडीत बसू का, असं विचारलं. पुढच्या सीटवर डावीकडे जाऊन बसल्या, मी स्टिअरिंगमागे बसले. तिथे त्यांनी मला ते सांगितलं, जे पोरालाही कधी सांगितलं नव्हतं. घाटाच्या मध्यावर मागचं कण्हणं थांबलं. त्यांना कळलं. आणि त्याच क्षणी बाबा मोठमोठ्यानं बोलायला लागले, ते परतवाडा येईपर्यंत थांबले नाहीत. त्या शांततेवर पांघरूण घालायला बोलत होते, हे मोठेपणी उमगलं म्हणाल्या. काय बोलत होते, मी विचारलं.

आपल्याबद्दल, श्याम. माझी थोरली पोरगी उलट उत्तरं देते, पण गणितात मास्तरला चूक दाखवते, तिला मी कॉलेजात धाडीन, मग भाऊबंद हसोत. धाकटा पोरगा अंधाराला भितो आणि भीत नाही असं सांगतो, त्याचं मला फार हसू येतं, पण मी त्याला दाखवत नाही. असं, सारखं, सगळ्या वाटेनं.

तू माझ्यापेक्षा लहान, तुला कदाचित जास्त आठवत असेल. मला सांग, बाबा आपल्याशी एवढं कधी बोलले होते का रे?

पत्र ओलं झालं आहे, अक्षर समजून घे. तुझी वाट पाहते.
ताई